उजेडात धरलेले रीळ

चौदा मार्च, मंगळवार. रक्कम छत्तीस रुपये. राखाडी लोकरी धाग्याच्या एका रिळाची ती किंमत. ते रीळ हातात धरून उजेडकाका दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर दोन पावले गेले, तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पुढे ती कागदावर आली.

उजेडकाका हे लोकांनी पाडलेले नाव. धंदा रफूचा. फाटलेल्या, सिगारेटने जळलेल्या, कसरीने खाल्लेल्या कपड्यात सुईने एकेक धागा विणून भोक असे बुजवायचे, की खुद्द मालकालाही ते बोटाने चाचपडत शोधावे लागावे. सोळाव्या वर्षी ते एका उस्तादाच्या हाताखाली बसले, सात वर्षांनी स्वतःची सुई घेऊन उठले आणि तेव्हापासून कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनरचे सगळे रफूकाम त्यांच्याकडे आले. त्याला आता अडतीस वर्षे झाली होती. घरात येणाऱ्या दर तीन रुपयांतले दोन त्या ड्रायक्लीनरकडून येत.

रफूचा धागा शक्यतो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उसवून काढतात. पण हल्लीचे कपडे इतके मोजूनमापून शिवलेले, की दहांतल्या सहांना आत सुटे कापडच नसते. मग धागा विकत आणायचा आणि रंग जुळवायचा. उजेडकाकांची सगळी ख्याती या जुळवण्यात होती. ट्यूबच्या प्रकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणत, "दिव्याखाली दोन काळे सख्खे भाऊ दिसतात. बाहेर नेलं की एक निळा निघतो नि एक तपकिरी." म्हणून रीळ उचलायचे, हातातल्या कपड्यावर ठेवायचे, दाराशी जाऊन उन्हात धरायचे, मान वाकडी करून डोळे बारीक करायचे, आणि पसंत पडले तर आत येऊन पैसे द्यायचे, नाही तर रीळ जागच्या जागी ठेवून दुसरे उचलायचे. जुना दोरेवाला होता तेव्हा तोच गल्ल्यावरून ओरडायचा, "काका, उजेड बघून या! नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका!" नाव पडले ते तिथे.

तो दोरेवाला गेला, मुलांनी दुकान विकले. त्या जागेवर आणि शेजारच्या तीन गाळ्यांवर मिळून मोठे दुकान उभे राहिले. कापड, दोरे, बटणे, साबण, औषधे, सगळे एका छपराखाली. छताला कॅमेरे. उजेडकाकांनी कॅमेऱ्यांकडे कधी मान वर करून पाहिले नाही. त्यांचे पाहण्याचे काम खाली होते.

त्या मंगळवारी त्यांच्या हातावर ड्रायक्लीनरकडचा एक राखाडी कोट होता. बाहीला चिंचोक्याएवढे जळलेले भोक, बुधवारी दुपारी द्यायचा. आकाश ढगाळ होते, दाराशी उभे राहून रंग नीट कळेना, म्हणून ते दोन पावले बाहेर गेले. डोक्यावर दाराची पट्टी लाल झाली आणि आतून एक सपाट, गोड बाईचा आवाज आला, "कृपया जागेवर थांबा."

रखवालदार धावत आला. ओळखीचाच माणूस, त्याच्या गणवेशाची कोपरे काकांनीच दोनदा रफू केलेली.

"काका, काय केलंत?"

"काय केलं? रंग बघतोय. हाच आहे बघ. काय बेमालूम बसतोय."

"ते मला कळतं हो. पण लाल आलंय. चला आत."

"तुला कळतं ना? मग सांग की त्यांना."

"मी नाही थांबवलं तर माझा दिवस कापतात. चला, हातापाया पडतो."

मागची खोली गोदामवजा होती. भिंतीला ठाण मोजायची पोलादी मीटरपट्टी टांगलेली. तिच्या टोकाला वजनमाप खात्याचा शिक्का ठोकलेला होता, चालू सालाचा. काकांची नजर त्यावर गेली, कारण त्यांचा मेव्हणा त्याच खात्यातून निवृत्त झालेला. टेबलामागे व्यवस्थापक बसला होता. तिशीचा, नम्र, थकलेला. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर उजेडकाकाच उजेडकाका. दाराशी जाणारे, मान वाकडी करणारे, परत फिरणारे.

"चौदा महिन्यांत एक्केचाळीस वेळा," व्यवस्थापक म्हणाला. "बिल न केलेली वस्तू दारापर्यंत. हे तुम्हीच ना?"

काका खुर्चीतून पुढे वाकले. आपण काम करताना कसे दिसतो, हे त्यांनी जन्मात प्रथमच पाहिले होते. खरे सांगायचे तर त्यांना बरे वाटले.

"मीच. हे बघा, हा बदामी रंग. त्या दिवशी सहा रिळं पाहिली होती, एकही बसेना."

"म्हणजे एक्केचाळीसही वेळा तुम्हीच."

"जास्तच असतील. तुमचं यंत्र मोजायला चुकलं असेल."

"आणि आज दाराबाहेर?"

"दोन पावलं. ढग आलेत ना."

व्यवस्थापकाने एक कागद छापून पुढे सरकवला. त्यावर लिहिले होते, की सोबतच्या यादीतील एक्केचाळीस प्रसंगी आणि आज अकरा वाजून दहा मिनिटांनी मी बिल न केलेला माल दारापर्यंत किंवा दाराबाहेर नेला, हे मला मान्य आहे. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. उस्तादाने शिकवले होते, की केलेले काम नाकारायचे नाही. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली.

मग खिशातून पैसे काढले. "हे घ्या छत्तीस रुपये."

"आता बिल होणार नाही, काका. हे रीळ यंत्रात 'गेलेल्या' मालात पडलंय. परत मांडणीवर ठेवलं तर मोजणी जुळत नाही, विकलं तर नोंद जुळत नाही."

"मग मी काय करू?"

"न्या तुम्ही. माझा ताप वाचेल."

"फुकट नाही नेणार. कोट उद्या द्यायचाय म्हणून नेतो. नोंद जुळवून ठेवा, पैसे शुक्रवारी आणून देतो."

व्यवस्थापकाने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते समजले नाही.

कोट बुधवारी दुपारी पोचला. ड्रायक्लीनरने तो दारात नेऊन बाही उलटसुलट केली आणि विचारले, "कुठे होतं हो भोक?" या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. काका चहा पिऊन, खुशीत घरी आले. ती त्यांना मिळालेली शेवटची शाबासकी.

शुक्रवारी ते छत्तीस रुपये घेऊन दुकानात गेले. दार सरकलेच नाही. ते मागे झाले, एक बाई पुढे आली, दार सरकले. ती आत गेल्यावर ते पुढे झाले, दार मिटले आणि पट्टी लाल झाली. रखवालदार काचेच्या आतून हाताने नको नको करत होता. मग बाजूच्या फटीतून म्हणाला, "यादीत आलात तुम्ही. चेहरा बंद झालाय."

"कोणाच्या यादीत?"

"त्याच्या," रखवालदाराने छताकडे बोट केले.

बसथांब्याजवळ दोऱ्यांचे दुसरे दुकान होते. मालक वेगळा, पण कॅमेरे त्याच कंपनीचे. तिथेही पट्टी लाल झाली. तिसरे दुकान गावात नव्हते.

तक्रारीसाठी फोन नंबर होता. तिथेही तोच गोड आवाज. काकांनी सगळी हकीकत सांगितली, राखाडी रंगापासून ढगांपर्यंत. आवाजाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, की फेरतपासणी होईल. काकांनी फोन ठेवला नाही तोच निरोप येऊन थडकला: फेरतपासणी पूर्ण, निष्कर्ष कायम. कारण दिलेले नव्हते.

पोलीस चौकीतला हवालदार मनापासून हसला. "काका, तुमच्याविरुद्ध तक्रारच नाही. गुन्हा नाही, नोंद नाही. मी काय काढून टाकू? तुम्ही आमच्याकडे स्वच्छ आहात."

"मग मला दोरा का मिळत नाही?"

"ते दुकानाला विचारा."

"दुकानात जाता येत नाही."

हवालदाराचे हसू ओसरले, पण त्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हते.

मेव्हण्याला कळले तेव्हा तो पायरीवर बसून पोट धरून हसला. "तुम्हाला चोर ठरवायला यंत्रच लागणार, दाजी! माणसाला एवढी कल्पनाशक्ती कुठली? बसमध्ये तिकीट काढायचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन तिकिटं काढणारे तुम्ही." मग बहिणीचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, चेहरा पाहून तो उठला आणि दुसऱ्या दिवशी दाजींना आपल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे घेऊन गेला.

वकीलबाईंचे ऑफिस एका जिन्याखाली होते. त्यांनी सहीच्या कागदाची प्रत वाचली.

"सही का केलीत?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. रंग बघायला नेलं, पैसे दिले, हे कुठाय यात?"

"ते त्यांनी विचारलंच नाही."

बाईंनी कागद खाली ठेवला. "एखाद्या पोलिसानं तुम्हाला धरलं असतं ना काका, तर मी आज संध्याकाळपर्यंत काहीतरी केलं असतं. पोलिसाला कलम लागतं, कारण लिहावं लागतं. त्याच्यावर साहेब असतो, साहेबावर कोर्ट. इथे दुकान म्हणणार, आम्ही कोणाला चोर म्हटलंच नाही, फक्त आत घेत नाही. दुकान आमचं आहे. कॅमेऱ्याची कंपनी म्हणणार, आम्ही नुसती शंका सांगतो, निर्णय दुकानाचा. दुकान म्हणणार, निर्णय यंत्राचा."

"मग मला चोर ठरवलं कोणी?"

"कोणीच नाही. तीच तर पंचाईत आहे."

"म्हणजे माफी मागायची तरी कोणाकडे?"

उजेडकाका टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागले. मग म्हणाले, "ताई, त्यांच्या मागच्या खोलीत कापड मोजायची पट्टी आहे. तिच्यावर शिक्का आहे, यंदाचा. ह्याच्या खात्यातला माणूस दर वर्षी येतो, पट्टी तपासतो. दोन रेघा कमी भरली तरी दंड. हो की नाही रे?"

"पट्टी जप्तसुद्धा करतो," मेव्हणा म्हणाला. "मी स्वतः केल्यात."

"कापड मोजायच्या पट्टीला एवढं. मग माणूस मोजतात त्या यंत्राला शिक्का कोण मारतं?"

वकीलबाईंनी कपाटातून एक जाड बाड काढले. "हा कायद्याचा मसुदा. चार वर्षं समितीत पडून आहे. यात आहे सगळं. यंत्रानं कोणावर ठपका ठेवला तर कारण द्यायचं. हाडामांसाच्या माणसानं ते पुन्हा तपासायचं. चूक निघाली तर नाव काढायचं आणि भरपाई द्यायची. यंत्र बाजारात येण्याआधी तपासून घ्यायचं, तुमच्या पट्टीसारखं. चांगला मसुदा आहे, काका. मी अक्षर न् अक्षर वाचलाय."

"लागू कधी होणार?"

"ते मला विचारू नका."

त्यांनी दुकानाला आणि कंपनीला एकेक नोटीस पाठवली. दोन्हीकडून एकाच मजकुराची उत्तरे आली, पैकी एकात तर दुसऱ्याचेच नाव राहून गेले होते. उत्तराला जोडून काकांच्या सहीची प्रत होती. बाईंनी फी घेतली नाही. मेव्हणा जिना उतरताना म्हणाला, "मी तीस वर्षं तराजूंना शिक्के मारले. वाटायचं, काय हे भुक्कड काम." एवढेच.

इकडे काम तर थांबत नव्हते. ड्रायक्लीनरकडून दर सोमवारी गाठोडे येई. आता दोरा आणायला काकांची बायको जाऊ लागली. काका कपड्याचा एक तुकडा कागदात गुंडाळून देत आणि दारापर्यंत सूचना करत.

"ह्याच्याहून किंचित उजळ. किंचितच. आणि चमक नको."

"किंचित म्हणजे किती, अहो? मला नाही कळत ते तुमचं किंचित."

"वाटलं तर दोन-तीन आण."

"आणि दाराशी नेऊन बघू का? सांगाल तसं धरीन उन्हात."

"अजिबात नाही!" काका एकदम ओरडले. पंचेचाळीस वर्षे ज्या गोष्टीवर ते जगले, ती गोष्ट करू नकोस म्हणून ते बायकोवर ओरडत होते. "आत बघ, दिव्याखाली बघ, आणि गल्ल्यावर जा. दाराकडे वळूसुद्धा नकोस. तुझाही चेहरा बंद झाला म्हणजे?"

ती बिचारी दिव्याखाली पाहून आणायची. एक रंग बसावा म्हणून चार रिळे. खिडकीत धरली की चारही वेगळीच निघायची. परत करायला जावे तर काकाच म्हणत, नको, सारखी येते-जाते म्हणून तिची मोजणी सुरू व्हायची. रिळांनी एक डबा भरला, मग दुसरा. मोबाईलवरून मागवून पाहिले. पडद्यावरचा रंग तर ट्यूबपेक्षा लबाड. मार्च-एप्रिल त्यांनी कसाबसा रेटला. जिथे शिवणीत बोटभर सुटे कापड मिळेल तिथून धागे काढले. दोन वेळा धागा चहाच्या पाण्यात बुडवून रंग मंद केला. एकदा जमला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक गडद निळा कोट आला. लग्नाचा. पाठीवर, भर मध्यावर, खिळ्याने फाटलेला. आतून सुटे कापड नाही. बायकोने आणलेल्या पाचांतला एक निळा त्यातल्या त्यात जवळचा होता. खिडकीत धरल्यावर तो जांभळ्याकडे झुकत होता, हे काकांना पहिल्या नजरेत कळले. त्यांनी तो खाली ठेवला. पुन्हा उचलला. कोट गुरुवारी द्यायचा होता. अकरा तास बसून त्यांनी रफू केली. वीण अशी, की उस्ताद असता तर पाठीवर थाप मारली असती. धागा धाग्याला चुकला नव्हता.

ड्रायक्लीनरने कोट दारात नेला. उलटसुलट केला नाही. नुसता धरून उभा राहिला.

"दिसतंय, काका."

अडतीस वर्षांत हा शब्द काकांनी ऐकला नव्हता. रफूवाल्याला त्यापेक्षा शिवी दिलेली परवडते.

"रंग मिळत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला माहितीये सगळं."

"माहितीये हो. रखवालदारानं सांगितलं. मला तुमच्याबद्दल शंका नाही, देवाशपथ नाही." ड्रायक्लीनरने कोट हँगरला लावला आणि त्याची बटणे उगीचच लावत राहिला. "पण कोटवाल्याला मी काय सांगू? त्याला पाठीवर जांभळा डाग दिसतोय. आणि दुसरं असं, की त्या मोठ्या दुकानानं आता कपडे धुवायला घ्यायचं काढलंय. ते मलाच काम देणार आहेत. त्यांच्या करारात लिहिलंय, यादीतल्या माणसाकडून काम करून घ्यायचं नाही."

"म्हणजे?"

"पुढच्या सोमवारी गाठोडं नाही पाठवत. थोडे दिवस. तुमचा तो कायदा आला की बघू."

"बरं," उजेडकाका म्हणाले. चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही.

त्या घरात मग आरडाओरडा झाला नाही की रडारड झाली नाही. बायकोने एका शाळेत साफसफाईचे काम धरले. मेव्हणा दर रविवारी येतो, सोबत काहीतरी खायला आणतो आणि पूर्वीइतके बोलत नाही. काका खिडकीशी बसतात. शेजारपाजारचे कोणी मोजे, स्वेटर आणून देते. ते घेतात आणि आहे त्या धाग्याने करतात. रंग बसला नाही तर सांगून टाकतात, "दिसेल हं." लोक म्हणतात, "चालेल की काका, कोण बघतंय." काका तरीही ते खिडकीतल्या उजेडात एकदा धरून बघतात.

एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. जूनच्या अखेरीस त्यांनी बायकोच्या हातात छत्तीस रुपये मोजून ठेवले. "गल्ल्यावर दे आणि सांग, चौदा मार्चचं राखाडी रीळ."

"ज्यांनी तुम्हाला घरी बसवलं, त्यांचे पैसे फेडायला जाऊ मी?"

"त्यांच्यासाठी नाही गं. ते एक्केचाळीस वेळा चुकले. पण बेचाळिसावं रीळ खरंच माझ्याकडे आहे. त्याचे पैसे दिले म्हणजे त्यांचं म्हणणं साफ खोटं होईल."

ती गेली. गल्ल्यावरच्या मुलीने तारीख टाकून पाहिले, दोनदा पाहिले आणि व्यवस्थापकाला बोलावले. जुना बदलून गेला होता, हा नवा होता. तो म्हणाला, की त्या दिवशीचे ते रीळ चोरीत निघालेला माल म्हणून मार्चअखेर खर्ची टाकले आहे, आता त्यावर पैसे घेण्याची सोय नाही. त्याच रंगाचे दुसरे घ्यायचे असल्यास बिल करून देतो. तिने विचारले, नुसतेच ठेवून गेले तर? तो म्हणाला, मग गल्ला छत्तीस रुपयांनी जास्त भरेल आणि ते या मुलीच्या अंगाशी येईल.

मुलगी घाबरून तिच्याकडे पाहत होती. तिने पैसे परत पर्समध्ये टाकले आणि सरळ, कुठेही न वळता, बाहेर आली.

मसुदा समितीत आहे. पैसे काकांनी एका पाकिटात घालून शिवणाच्या डब्यात ठेवले आहेत, वर तारीख लिहून. राखाडी रिळाचे छत्तीस रुपये अजून देणे आहेत.